सासुरवाडीच्या हवेत शिसं

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगतो. आणि कप आधी खाली ठेवा. मागे हीच गोष्ट ऐकताना आमच्या ग्रंथपालांना असा ठसका लागला, की अर्धा चहा माझ्या शर्टावर आला.

माणूस चुकतो. मान्य. पण मी एकटा गुपचूप चुकलो असतो तर काय बिघडलं असतं? मी चुकलो तो अख्खं गाव हादरवून चुकलो! आणि गाव तरी कुठलं? सासुरवाडी!

तर मी रत्नागिरीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वीस वर्षं झाली. मुलं मला घाबरतात, म्हणजे निदान तेव्हा तरी घाबरायची. गेल्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने एक तरी संशोधन करायचंच. मी विषय घेतला, शहराच्या हवेतले जड धातू. शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम. गाड्यांचे टायर झिजतात, ब्रेक घासतात, जुने रंग खरवडले जातात, वेल्डिंगचा धूर निघतो, त्यातून हे धातू हवेत जातात आणि धुळीला चिकटून आपल्या छातीत. ना डोळ्याला दिसत, ना नाकाला कळत. विषय गंभीर आहे हो! त्यात हसण्यासारखं काहीही नाही. हसण्यासारखा फक्त मी आहे.

हवा ओढून घेणारं यंत्र आमच्या कॉलेजकडे नव्हतं. मग वाचनात आलं, की कोळ्याचं जाळं हेच काम बिनबोभाट करतं. महिनोन् महिने एका जागी लटकतं आणि येणारी जाणारी धूळ धरून ठेवतं. आपण काचेच्या कांडीवर ते गुंडाळायचं, पुडीत घालायचं, नंबर टाकायचा आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे ॲसिडात विरघळवून कुठला धातू किती ते काढून देतात.

"म्हणजे जळमटं गोळा करत हिंडणार?" सुमन म्हणाली. सुमन म्हणजे आमची ही.

"जळमटं नव्हे, नमुने."

"घरातली काढा म्हणून दोन दिवाळ्या कानीकपाळी ओरडले, तेव्हा स्टुलावर पाय ठेवला नाहीत. आणि आता गावभरची काढणार!"

मी शिडी उचलली आणि निघालो.

एस्टी स्टँडवर काही त्रास झाला नाही. तिथले कंट्रोलर म्हणाले, "न्या सर, पोतंभर न्या. जाता जाता पंखे पुसलेत तरी आमची हरकत नाही." मिरकरवाड्याला बंदरावर बोटींचे रंग खरवडतात, तिथल्या शेडमध्ये एका तांडेलाने माझी शिडी धरली. वर बघत म्हणाला, "सर, या जाल्यात गावतं काय?"

"शिसं गावतं का ते बघायचंय."

"घ्या! आमी कोळी शिसं इकत आणून जाल्याला लावतो, तवा कुठं जालं बुडतं. आनि तुमच्या या कोळ्याला फुकट?"

घरांचं मात्र जमेना. मारुती मंदिराजवळ माझा एक जुना मित्र राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. मी सरळ विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे जुनी जळमटं मिळतील का?" दार बंद झालं. मित्र आजतागायत बोलत नाही. त्या दिवसापासून मी घरं सोडून दिली.

आता शहराची हवा वाईट म्हणायची, तर कशाच्या मानाने वाईट? त्यासाठी एक नमुना अगदी स्वच्छ जागेतला लागतो. जिथे रहदारी नाही, कारखाना नाही, काही नाही. तो शून्य धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. अशी जागा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सुमनचं माहेर आलं. मंडणगड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, दिवसाला दोन एस्ट्या, त्याही यायच्या मनात असेल तर. तिथली हवा अशी, की पहिल्या दिवशी आपल्याला सोसतच नाही, झोप येते.

मार्च महिन्यात गेलो. सुमनने आईला फोन केला होता, "हे येतायत गं, कॉलेजच्या कामाला." एवढंच. कसलं काम ते ना तिने सांगितलं, ना मी. जावयाने जळमटांसाठी येतोय म्हणून कळवायचं, हे काही बरं दिसत नाही.

गेल्यावर मेहुण्याने, दिलीपने, पाय धुवायला पाणी दिलं. सासूबाईंनी सोलकढी दिली. मी इकडे घोट घेतोय आणि तिकडे डोळे कौलांखाली. जाळं नाही! ओटीवर नाही, माजघरात नाही, पडवीत नाही. वासे कसे तासून ठेवल्यासारखे लख्ख. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. म्हटलं, या बाईंनी जरा आळस केला असता तर विज्ञानावर उपकार झाले असते.

"माळ्यावर जाऊन आलो तर चालेल ना?" मी विचारलं.

सासूबाई आणि दिलीप एकमेकांकडे बघायला लागले. "जा की," सासूबाई म्हणाल्या. "तुमचंच घर हाय."

माळ्यावर अंधार, उकाडा, चष्म्यावर घाम. वाकून वाकून शेवटच्या कोपऱ्यात पोचलो आणि थक्क झालो! वाशाला टेकून काहीतरी जुनं लाकडी सामान होतं आणि त्याच्या कडेने लोंबत होतं हे एवढं मोठं जाळं! काळं, धुरकट, लांब लांब लोंबणारं. हाताला जरा जाड लागलं, पण वर्षानुवर्षांची धूळ, जाड लागणारच! कांडीवर गुंडाळताना तुटेना, तर कात्री घेतली. हो, कात्री! रसायनशास्त्राचा माणूस मी. कोळ्याचं जाळं कापायला कात्री लागली आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

खाली उतरलो तो गुंडाळलेली कांडी मिरवतच. "झालं काम?" दिलीपने विचारलं.

"झालं म्हणजे? असा नमुना अख्ख्या जिल्ह्यात मिळाला नसता!"

दोघांनी माना डोलावल्या. जावई शिकलेला असला की एवढं तरी सुख असतं.

मेच्या शेवटी अहवाल आला. स्टाफरूममध्ये पाकीट फोडलं. एस्टी स्टँड, शिसं आहे, होतीच अपेक्षा. बंदर, तांबं आणि शिसं, ठीक. मग शेवटची ओळ, सासुरवाडी. ती मी तीनदा वाचली.

शिसं एस्टी स्टँडच्या कितीतरी पट! तांबं बंदराच्याही वर! रत्नागिरीतल्या सगळ्या जागा एकत्र केल्या तरी त्या एका घराची बरोबरी होत नव्हती. आणि खाली शेऱ्यात लिहिलेलं, 'नमुन्यात चकाकणारे कण आढळले.' अरे देवा! म्हणजे धातूचे कण डोळ्यांना दिसतील इतके! तो शेरा वाचून एखादा शहाणा माणूस थबकला असता. मला दरदरून घाम फुटला.

अशा वेळी काय करायचं असतं? नमुना पुन्हा घ्यायचा, पुन्हा तपासायचा. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देतो. आणि मी काय केलं? घरी धावत सुटलो.

"सुमन, आईंना खोकला असतो का गं?"

"थंडीत असतो. का?"

"दिलीप विसरतो का हल्ली?"

"तो लहानपणापासून विसरतो. झालंय काय?"

मी कागद तिच्यापुढे धरला. आकडे तिला कळले नाहीत, पण माझा चेहरा कळला. ती मटकन खाली बसली. मग मी फोन लावला. दिलीपला नीट, शांतपणे, शास्त्रीय भाषेत समजावलं. "घाबरायचं नाही. फक्त अंगणात काही वाळत घालू नका. वाळत घातलेलं खाऊ नका. आईंना ओटीवर बसू देऊ नका. सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. आणि आसपास धातू जाळणारं, वितळवणारं कोण आहे ते बघा. बाकी घाबरण्यासारखं काही नाही."

तुम्हीच सांगा, यानंतर कोण घाबरणार नाही?

अंगणात तेव्हा काय काय होतं माहीत आहे? सुपं भरून आमसुलं, ताटं भरून फणसपोळी, आंबापोळी. सासूबाईंनी महिनाभर उन्हात बसून घातलेली. सगळी उचलून त्यांनी स्वतःच्या हातांनी खड्ड्यात पुरली! गुराने खाऊ नये म्हणून वर दगड ठेवला. मला हे फोनवर सांगताना त्यांचा आवाज कापत होता. "जावयबापू, पोरांच्या तोंडात गेलं न्हाय, हे तुमचे उपकार."

उपकार! माझे!

दिलीपने माझा निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मे महिना, मुंबईचे सगळे चाकरमानी सुट्टीला गावात. तासाभरात निरोप फिरून माझ्याच मोबाइलवर आला, तोवर त्याचं झालं होतं, 'सावधान! आपल्या गावच्या हवेत विष. रत्नागिरीच्या शास्त्रज्ञांचा इशारा.' शास्त्रज्ञांचा! अनेकवचन! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीला चाकरमान्यांची ही झुंबड. पोरंबाळं, पिशव्या घेऊन निघाले. कुठे? मुंबईला! स्वच्छ हवेसाठी मुंबईला! मी ऐकलं तेव्हा हसू की रडू कळेना. तेव्हा रडूच येत होतं.

आणि धातू जाळणारं, वितळवणारं कोण? सासूबाईंच्या घराच्या खालच्या अंगाला सुधाकरचं वेल्डिंगचं दुकान. पत्र्याची शेड, खिडक्यांची ग्रिलं आणि फाटकं बनवायची. बारा वर्षं मुंबईत नोकरी करून परत आलेला, सालस माणूस. गावातल्या प्रत्येक घराचं फाटक त्याच्या हातचं. त्याच फाटकांतून बाहेर पडून लोक त्याच्या दारात गेले, आणि दुकान बंद करायला लावलं. कोणी त्याच्याशी बोलेना. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मनात म्हटलं, विज्ञान निष्ठुर असतं.

सासूबाईंना आम्ही रत्नागिरीला आणलं. डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिलं. घरात सुमन त्यांना दूध आणि केळी यांपलीकडे काही देईना. चौथ्या दिवशी सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "जावयबापू, शिसं असलं तर असूं द्या. पन एक बांगडा तरी घाला तव्यावर."

पाचव्या दिवशी सरपंचांचा फोन. गाव गोळा होतंय, देवळात सभा आहे, सर तुम्हीच या आणि काय ते समजावून सांगा.

गेलो. सुमन, सासूबाई आणि मी. देवळाच्या सभामंडपात गाव भरलेलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि खांबाला टेकून एकटा सुधाकर. त्याच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा मोकळी. ते मी बघितलं, पण हातात अहवाल होता ना! मी उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. शिसं म्हणजे काय, ते हाडात कसं बसतं, पोरांच्या डोक्यावर काय परिणाम होतो. एक बाई रडायला लागली.

मग सुधाकर पुढे आला. हात जोडून म्हणाला, "सर, मी अडाणी मानूस. माझ्या धुरानं कुनाच्या पोराचं वाईट होत असंल, तर शेड उद्या मोडतो. खोटं सांगत न्हाय. पन मी दिवसभर त्याच धुरात उभा असतो. मग माझ्या दुकानातलं तपासायचं सोडून तुमी काकींच्या घरातलं का तपासलंत? आनि कुठलं तपासलंत?"

सरळ प्रश्न. बाराशे मुलांनी मला वीस वर्षांत असा सरळ प्रश्न विचारला नव्हता.

"घरातलं जाळं तपासलं," मी म्हणालो. "कोळ्याचं. माळ्यावरचं."

बायकांच्या बाजूने सासूबाईंचा आवाज आला. "काय तपासलंत?"

"जाळं, आई. जळमट."

"माझ्या घरात?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. आजवर त्या माझ्यासमोर मोठ्याने बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. "जावई येनार म्हनून आदल्या दिशी मी आनि दिलप्यानं सगळं घर झाडलंन. माळासुद्धा! एक जाळं ठेवलं न्हाय. विचारा त्याला!"

"अहो पण मी स्वतः कापून आणलं! हे एवढं लांब!"

"ते?" दिलीप म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम कसनुसा झाला. "भावोजी, ते जाळं न्हवतं वो. ती मखराची झालर!"

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. दिलीप तसाच धावत घरी गेला आणि ते लाकडी सामान डोक्यावर घेऊन आला. आणून देवळात मधोमध ठेवलं. गणपतीचं मखर! माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं. कडेला बेगडीची झालर. बेगड म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, धातूचा पातळ पापुद्रा. तो बारीक कातरून सुतात ओवलेला, वर चाळीस वर्षांचा चुलीचा धूर. आणि समोरच्या बाजूला, बरोबर मधे, वीतभर झालर गायब. कात्रीने कापल्यासारखी सरळ.

कापल्यासारखी काय, कापलेलीच!

मी गणपतीचं मखर ॲसिडात विरघळवून घेतलं होतं, आणि त्यात धातू निघाला म्हणून गाव रिकामं केलं होतं!

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती सरकली असती तर बरं झालं असतं, आत तरी गेलो असतो. ती जागची हलली नाही. मी सगळ्यांसमोर, अहवाल हातात धरून, तसाच उभा.

"अरे मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी दिलीपला म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"भावोजी, तुमी प्रोफेसर. कात्री घेऊन माळ्यावर गेलात, झालर कापून खाली आलात, वर म्हनालात असा नमुना जिल्ह्यात न्हाय. मला वाटलं, असंल कायतरी शास्त्रातलं."

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक सरपंच. मग जे काय सुरू झालं ते थांबेना. मघाशी रडणारी बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. सुमन हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ते जास्त वाईट. आणि सासूबाई दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसल्या. "अगो बाई, माझी फणसपोळी!"

सुधाकरही हसला नाही. तो मुकाट्याने देवळातून निघाला आणि दहा मिनिटांनी खालून वेल्डिंगचा तडतड आवाज यायला लागला.

मी त्याच मुक्कामात गोठ्यातून आणि सुधाकरच्या शेडशेजारच्या कुंपणावरून खरी जाळी घेतली. दिलीपला जवळ उभा करून घेतली. प्रत्येक जाळ्याला आधी विचारलं, "दिलीप, हे जाळंच ना?" सासूबाईंच्या रक्तात काही निघालं नाही. पंधरा दिवसांनी दुसरा अहवाल आला. हवा स्वच्छ, धातू नावापुरते. रत्नागिरी शहराच्या हवेत काय निघालं, ते मात्र आजवर मला एकाही माणसाने विचारलेलं नाही. सगळे मखराचंच विचारतात.

तो दुसरा अहवाल घेऊन मी एकटा सुधाकरकडे गेलो. माफी मागायची होती आणि ती फोनवर मागण्यासारखी नव्हती. वाटेत सहा तास एस्टीत वाक्यं जुळवत होतो. शेडमध्ये गेलो तर त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला, बसायला स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"सुधाकर, माझ्यामुळे तुझं दुकान बंद राहिलं. गावाने तुला वाळीत टाकल्यासारखं केलं. चूक माझी होती, सर्वस्वी माझी."

"ऱ्हाऊ द्या सर. मानूस हाय, चुकायचाच."

मला असं भरून आलं म्हणून सांगू! इतकं मोठं मन! चहा पिताना त्याने आपणहून विषय बदलला. "माझी पोरगी यंदा बारावी झाली बगा. मार्क चांगले पडले. रत्नागिरीला तुमच्याच कॉलेजात सायन्सला घालायची, असं घरात कधीपासून ठरलं होतं."

"अरे मग घाल की!" मला तेवढीच भरपाईची संधी. "बिनधास्त घाल. मी स्वतः तिच्याकडे लक्ष देईन!"

सुधाकरने कप खाली ठेवला आणि माझी नजर चुकवली.

"तेच म्हटलं सर, तुमी लक्ष द्याल," तो म्हणाला. "म्हनून कॉमर्सला घातली."